क्षमायाचना आणि प्रायश्चित्त

कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी १८ मे २०१६ रोजी संसदेत उभे राहून ‘कोमागाटा मारू’ प्रकरणाबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली. अन्याय घडला १९१४ मध्ये. क्षमेचे शब्द संसदेत उच्चारले गेले ते १०२ वर्षांनी. ज्यांनी तो सोसला, ती पिढी तोवर काळाच्या पडद्याआड गेली होती. मग अशा क्षमायाचनेला काही अर्थ उरतो काय?

उत्तरासाठी मूळ घटनेकडे वळले पाहिजे. बाबा गुरदित्तसिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जपानी जहाज २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. त्यावर ३७६ प्रवासी होते. ३४० शीख, २४ मुस्लिम आणि १२ हिंदू. सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन आणि कॅनडाही त्याच साम्राज्याचा भाग. तरीही त्यांना दारात अडवण्यात आले. त्यासाठी १९०८ मध्येच एक नियम करून ठेवला होता : मायदेशातून थेट, कोठेही न थांबता आलेल्यालाच प्रवेश. शिवाय प्रत्येकाजवळ २०० डॉलर असण्याची अट. हिंदुस्थानातून थेट जहाजसेवाच नव्हती. नियमात वंशाचा उल्लेख नव्हता, पण नियमाचा हेतू तोच होता. अन्यायाला कायद्याचे वस्त्र नेसवण्याची ही रीत वसाहतवादाला चांगलीच अवगत होती.

दोन महिने जहाज किनाऱ्यासमोर अडकून पडले. अन्नपाण्याचे हाल झाले, न्यायालयातही दाद मिळाली नाही. मोजके प्रवासी वगळता बाकीच्यांना २३ जुलै रोजी युद्धनौकेच्या धाकाखाली परत पाठवण्यात आले. कोलकात्याजवळ बजबज येथे सप्टेंबरअखेर ते उतरले, तेव्हा ब्रिटिश सरकारने स्वागत केले ते गोळ्यांनी. वीसच्या आसपास प्रवासी तेथे मृत्युमुखी पडले. या घटनेने गदर चळवळीच्या असंतोषात भर घातली. त्याच चळवळीतील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले.

क्षमा कोठे मागितली जाते, यालाही महत्त्व असते. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ३ ऑगस्ट २००८ रोजी सरे येथील एका मेळाव्यात या प्रकरणाबद्दल क्षमा मागितली होती. परंतु तेथील भारतीय समाजाने ती स्वीकारली नाही. चिनी स्थलांतरितांवरील डोईपट्टीबद्दल २००६ मध्ये आणि मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल २००८ मध्ये क्षमायाचना झाली ती संसदेत. मग आमच्यासाठीच उद्यानातला मंच का, हा त्यांचा प्रश्न होता. राष्ट्राने केलेल्या अपराधाची क्षमा राष्ट्राच्या सर्वोच्च सभागृहातच मागितली गेली पाहिजे, या आग्रहावर ते आठ वर्षे ठाम राहिले. स्वाभिमानी समाज कसा वागतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

आपल्या परंपरेत पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त हे दोन वेगळे शब्द आहेत. चूक उमगणे ही पहिली पायरी. तिची किंमत मोजणे ही दुसरी. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांची अमेरिकेने १९८८ मध्ये कायद्याद्वारे क्षमा मागितली, वांशिक पूर्वग्रह हे त्यामागचे एक कारण असल्याचे त्या कायद्यातच नमूद केले आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. त्याच अमेरिकेच्या सिनेटने २००९ मध्ये गुलामगिरीबद्दल क्षमेचा ठराव केला; मात्र त्याच्या आधारे कोणताही दावा करता येणार नाही, असे कलमही त्यात जोडले. पहिल्यात प्रायश्चित्त होते, दुसऱ्यात केवळ सावधपणा.

ब्रिटनची गोष्ट तर याहून मागची. जालियनवाला बागेला भेट देताना डेव्हिड कॅमेरून यांनी २०१३ मध्ये त्या हत्याकांडाला लज्जास्पद म्हटले. शताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. ‘क्षमा’ हा शब्द मात्र दोघांनीही टाळला. खेद पावसाने पीक गेल्याचाही होतो. क्षमा मागावी लागते ती स्वतःच्या कृत्याची. केनियातील माऊ माऊ उठावाच्या वेळी छळ झालेल्या पाच हजारांहून अधिक जणांना याच ब्रिटनने २०१३ मध्ये भरपाई मान्य केली, कारण पीडित न्यायालयात गेले होते. पाठपुरावा करणाऱ्यालाच न्याय मिळतो, हा त्याचा अर्थ.

तेव्हा प्रश्न आपल्याकडेही येतो. बजबजच्या हुतात्म्यांची, पिंगळ्यांची माहिती आपल्या किती घरांत मुलांना आहे? आपणच ज्यांना विसरलो, त्यांच्यासाठी इतरांनी मान का झुकवावी? आणि जगाकडून हिशेब मागताना, जन्मावरून माणसाला दाराबाहेर उभे करणाऱ्या अस्पृश्यतेचा हिशेब आपल्या समाजालाही चुकता करावा लागेल. तो शब्दांनी नव्हे, आचरणानेच फिटेल. स्मरण आणि आत्मशोधन ही दोन्ही कर्तव्ये जो समाज पार पाडतो, त्याच्या मागणीला जगात वजन येते.