भाषेचा वाद आणि महसुली तूट

पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही, या प्रश्नावर २०२५च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र ढवळून निघाला आणि एप्रिल व जूनमधील दोन्ही शासननिर्णय २९ जून रोजी सरकारला रद्द करावे लागले. मायबोलीविषयीची ही जागरूकता स्वागतार्हच होय. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पातील ४५,८९१ कोटी रुपयांच्या अंदाजित महसुली तुटीने मात्र कोणाची झोप उडाली नाही. महसुली तूट म्हणजे घरखर्चासाठी काढलेले कर्ज. कर्जातून धरण बांधले तर पुढच्या पिढीस पाणी तरी मिळते. महिन्याचा खर्च भागविला तर तिच्या वाट्यास नुसते व्याज येते. एकट्या ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. दरमहा दीड हजार रुपयांचे मोल गरीब गृहिणीस किती असते, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने तरी नाकारू नये. पण मग त्यासाठी कर वाढविण्याचे किंवा अन्य खर्च छाटण्याचे धैर्यही सरकारने दाखवावयास हवे होते. आणि मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाचे वेतनही याच महसुली खात्यातून निघते. ते खाते उसनवारीवर चालले असता शिक्षकांच्या रिक्त जागांचा विषय निघाला, की वित्त विभाग हात आखडता घेणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.