मेंढपाळाच्या तळाला जागा द्या

सोयाबीन निघाले की आपल्या हदगाव तालुक्यात मेंढपाळांची बिऱ्हाडे दिसू लागतात. रानात मेंढ्या बसवा म्हणून आपणच बोलावतो. लेंडीखताने जमिनीला कस येतो. पण पेरा झाला की म्हणतो, "पुढं सरका!" लेकरंबाळं घेऊन त्यांनी रात्री टेकायचं कुठं? बऱ्याच गावांत माळाचे गायरान अतिक्रमणाने खाल्ले.

जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे मोफत गुरेचराईसाठी जमीन राखता येते. गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली बजावले. सरपंच-तलाठ्यांनी गायरान मोजून घ्यावे. पाण्याजवळचा तुकडा ठराविक रात्रींच्या तळासाठी ग्रामसभेत सुचवून वरिष्ठांची परवानगी घ्यावी. खत पाहिजे, मग मुक्कामाला जागा नको का?