पाटीवर दिवा नाही

पनवेलची नगरपालिका 1852 सालची. खाडीचे बंदर आणि मुंबई-पुणे रस्ता यांच्या आधाराने वाढलेल्या या गावात दुकान थाटणाऱ्याची पहिली चिंता पाटीची असे. पाटी मोठी हवी, अक्षरे ठळक हवीत आणि अलीकडे तर ती रात्रीही झगमगली पाहिजे. 2016 च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली, आता विमानतळही सुरू झाला. नव्या पनवेलच्या रस्त्यांवर पाट्या एकमेकींना झाकू लागल्या आहेत. याच गर्दीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एका तरुण सनदी लेखापालाचे दोन खोल्यांचे कार्यालय आहे. त्याच्या पाटीवर दिवा नाही. ती काटकसर नव्हे. दुकानदारासारखी झगमगती पाटी लावणे त्याच्या संस्थेच्या आचारसंहितेत बसत नाही.

त्याचे वडील कापडाचे व्यापारी. मुलाच्या व्यवसायाचे नियम ऐकून ते प्रथम चकित झाले. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार जाहिरात करून अशील मिळवणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरतो. गेल्या काही वर्षांत हे नियम हळूहळू सैल होत आहेत, संकेतस्थळाला परवानगी आहे. पण दारोदार जाऊन काम मागण्याची मुभा नाही. काम आणून देणाऱ्या बाहेरच्या माणसाला दलालीही देता येत नाही. बाजारात जन्म गेलेल्या माणसाला हे पचणे कठीण. ‘दलालाशिवाय धंदा?’ हा वडिलांचा प्रश्न रास्तच होता.

उत्तर मिळायला तीन वर्षे लागली. पहिले अशील अर्थातच नात्यातून आणि उपाश्रयातल्या ओळखीतून आले, आणि येताना ‘घरचाच मुलगा’ हे विशेषण घेऊन आले. या विशेषणाची किंमत तरुणाला वर्षअखेरीस कळली. त्याने एका वहीत प्रत्येक अशिलासाठी खर्ची पडलेले तास लिहून ठेवले होते. सर्वांत कमी शुल्क देणारेच सर्वाधिक तास खात होते. बिलांची पिशवी दरमहा 19 तारखेला संध्याकाळी आणत होते आणि जीएसटीचे विवरणपत्र 20 तारखेला भरायचे असे. ही वही म्हणजे त्याच्या व्यवसायातला खरा पहिला ताळेबंद. सेवा विकणाऱ्याजवळ शिल्लक माल नसतो. गेलेला तास गोदामात परत ठेवता येत नाही. दुसऱ्या वर्षापासून त्याने दोन गोष्टी केल्या. कामाचे स्वरूप आणि शुल्क सुरुवातीलाच कागदावर लिहून द्यायचे, आणि कागदपत्रे 12 तारखेपर्यंत न आल्यास वेळेची हमी द्यायची नाही. काही जण रागावून गेले. जे राहिले, त्यांनी आणखी चौघांना पाठवले. सहकारी गृहनिर्माण संस्थांची कामेही अशीच आली. एका संस्थेच्या सर्वसाधारण सभेत त्याने हिशेब समजतील अशा मराठीत सांगितले, आणि शेजारच्या दोन संस्थांचे सचिव पुढच्या महिन्यात जिना चढून वर आले.

वसुलीचे मात्र जमेना. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान सेवादात्यालाही 45 दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. कायदा उत्तम आहे. पण ज्यांच्या मांडीला मांडी लावून व्याख्यान ऐकायचे, त्यांच्यावर व्याजाची आकारणी कोण करणार?

त्याचे सर्वांत मोठे अशील असेच, वडिलांचे मित्र, धान्याचे घाऊक व्यापारी. एकूण शुल्कापैकी जवळजवळ चाळीस टक्के त्यांच्याकडून यायचे होते. ‘यायचे होते’ असेच म्हटले पाहिजे, कारण दोन वर्षांचे थकले होते. कर्ज देताना एकाच ऋणकोवर इतका भार टाकू नये, हे बँकेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्यालाही शिकवतात. स्वतःच्या व्यवसायात तेच सूत्र भलेभले विसरतात. त्या काकांना कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती. पुस्तकांप्रमाणे माल 41 लाखांचा. दाखला 60 लाखांचा हवा होता. पंचवीस टक्के मार्जिन वजा केले तरी नसलेल्या 19 लाखांच्या मालावर सव्वाचौदा लाखांची जादा उचल मिळाली असती. ‘हंगाम आला की माल येणारच आहे, फक्त सही आधी कर,’ असे त्यांचे म्हणणे होते. त्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते.

तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. आणि दुसऱ्याचे गुपित उघड करणेही त्याच यादीत आहे. लेखापालाला ही यादी इतकी नेमकी लागू पडते, की ती त्याच्यासाठीच केली असावी असे वाटते. तरुणाने सही नाकारली आणि ही गोष्ट घरीही सांगितली नाही. व्यवहाराची बाजूही होती. 1 फेब्रुवारी 2019 पासून अशा प्रत्येक दाखल्यावर अठरा अंकी यूडीआयएन क्रमांक बंधनकारक आहे. दाखला कोणी दिला, हे बँक काही मिनिटांत पडताळून पाहते. पण क्रमांक नसता तरी त्याने सही केली असती असे नाही.

काका दुसऱ्या लेखापालाकडे गेले. ऑगस्टमध्ये त्या लेखापालाचे पोचपावतीसह पत्र आले: नेमणूक स्वीकारण्यास काही हरकत आहे काय? असे विचारणे त्याला बंधनकारकच होते. आधीच्या लेखापरीक्षकाचे निर्विवाद शुल्क थकले असेल तर नव्याने काम स्वीकारू नये, असाही संकेत आहे. आणि ताळेबंदात दाखवलेली, दोघांच्या सह्या असलेली तरतूद निर्विवादच मानली जाते. थकबाकी लिहावी की जुन्या स्नेहाखातर ‘हरकत नाही’ कळवून मोकळे व्हावे, यावर त्याने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी त्याने दोन वर्षांचे आकडे लिहून पत्र धाडले. दाखल्याचा उल्लेख त्यात एका शब्दानेही केला नाही.

संवत्सरीला उपाश्रयाच्या पायरीवर काका भेटले. दोघांनी हात जोडले, ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणाले. हिशेबाचा विषय कोणीच काढला नाही. लेखापरीक्षणाची मुदत 30 सप्टेंबरची; 22 तारखेला धनादेश आला, दहा टक्के करकपात वजा करून. सोबतच्या चिठ्ठीत काकांनी धाकट्या मुलाचे विवरणपत्र कधी भरायला आणू, असे विचारले होते.