राज्यशास्त्र कशासाठी शिकावयाचे?

२०२२ साली मुंबईतील एखाद्या महाविद्यालयात राज्यशास्त्र घेऊन ज्याने बी. ए.ला प्रवेश घेतला, तो २०२५ साली पदवीधर झाला. स्थानिक स्वराज्य संस्था ही लोकशाहीची पाठशाळा होय, हे वाक्य त्याने उत्तरपत्रिकेत एकदा तरी लिहिले असेल. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार नगरपालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, हेही त्याला पाठ असेल. परंतु मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील वाद न्यायालयात अडकले आणि त्याची तिन्ही वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. घटना एक सांगते आणि घडते दुसरे, ते का, हा प्रश्न त्याला परीक्षेत कोणी विचारला असेल काय?

हा विषय सोपा आहे, किंवा स्पर्धा परीक्षेस उपयोगी आहे, म्हणून घेतला जातो. उपयोग आहेच, गरिबाघरच्या मुलाने नोकरीचा विचार करू नये, असे कोण म्हणेल? पण कलमांचे क्रमांक पाठ करणे म्हणजे राज्यशास्त्र नव्हे. सत्ता नियमांत कशी बांधली जाते आणि त्या नियमांतून ती कशी निसटते, याचा शोध म्हणजे राज्यशास्त्र.

वर्गात चालू राजकारण आणले तर पक्षपाताचा आरोप येईल, ही प्राध्यापकांची भीती निराधार नाही. पण त्यावर उपाय शास्त्रातच आहे. पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट १९८५ मध्ये आले. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षणही काढून घेतले. तरी २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. अपात्रतेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी विधानसभाध्यक्षांकडेच सोपविला. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला अध्यक्ष निःपक्ष न्याय देऊ शकेल काय, ही शंका आजची नव्हे. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात पाचांपैकी दोन न्यायमूर्तींनी ती नोंदविली होती. ती दोन्ही मते विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत आणि निष्कर्ष त्यांना काढू द्यावा. यात प्रचार कोठे आला?

१९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. तेव्हापासून पदवीच्या वर्गातील बहुतेक प्रत्येक विद्यार्थी मतदार असतो. ज्या राज्यसंस्थेचा तो अभ्यास करतो, तिचा तो घटकही असतो. त्याला केवळ टिपणे देऊन पदवीधर केले, तर हानी त्याच्या गुणपत्रिकेत दिसणार नाही. ती पुढे मतदानकेंद्रावर, ग्रामसभेत आणि सरकारी कचेरीत दिसेल, आणि ती आपणा सर्वांनाच सोसावी लागेल.