‘३००% व्हॉल्यूम’: फोनचा आवाज वाढतो की फाटतो?

बजेट फोनच्या जाहिरातीत सध्या मेगापिक्सेलइतकाच मोठा छापलेला एक आकडा दिसतो: ‘३००% अल्ट्रा व्हॉल्यूम’. ओप्पोच्या ए सिरीजमध्ये हा मोड आहे, बाकीचेही २००%, ४००% म्हणतात. पण आतला स्पीकर तर नखाएवढाच. मग जास्तीचा आवाज येतो कुठून?

आधी आवाज फाटतो का ते बघू. डिजिटल सिग्नलला एक छत असतं. गाणं आधीच छताला टेकलेलं असेल आणि तुम्ही ते नुसतं वाढवलं, तर लहरींची टोकं कापली जातात. कानाला ती फाटलेली लागतात. म्हणून हे मोड हळू आवाज वर उचलतात आणि टोकं दाबतात. मोठ्याने ऐकू येतं, पण गाण्यातला चढउतार सपाट होतो.

दुसरी अडचण स्पीकरच्या पडद्याची. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. फोनच्या जाडीत तेवढी जागा आणणार कुठून?

इथे खरी करामत ‘स्मार्ट ॲम्प’ नावाच्या चिपची. स्पीकरकडे जाणारा करंट आणि व्होल्टेज ती सतत मोजते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४% वाढतो, त्यामुळे थर्मामीटर न लावताच कॉइल किती तापली ते कळतं. पडदा किती हलणार याचाही अंदाज बांधला जातो. मर्यादा आली की फक्त बेस दाबायचा, बाकीचा आवाज तसाच जाऊ द्यायचा.

या सॉफ्टवेअरशिवाय काय होतं? ॲपलच्या मॅकबुकवर लिनक्स आणणाऱ्या असाही लिनक्सच्या टीमने स्पीकर बराच काळ चक्क बंद ठेवले होते. कॉइल जळू नये याची काळजी मॅकओएस घेत होतं, लिनक्समध्ये ती सोयच नव्हती. टीमने स्वतःचा ‘स्पीकरसेफ्टीडी’ प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा कुठे २०२३ पासून एकेका मॉडेलचे स्पीकर सुरू झाले. हार्डवेअर तेच होतं बरं का!

राहिला प्रश्न टक्क्यांचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला ढोबळमानाने १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. ३००% नेमके कशाचे, हे जाहिरात सांगत नाही. त्यापेक्षा दुकानात ढोलकी आणि गायकाचा आवाज एकत्र असलेलं गाणं फुल व्हॉल्यूमवर लावा. ढोलकीच्या प्रत्येक थापेला गायकाचा आवाज दबत असेल किंवा ‘स’ चरचरत असेल, तर एक पायरी खाली या. तुमच्या कामाचा व्हॉल्यूम तोच.