ताट कुणाचं, हात कुणाचा?

मस्कतमध्ये एका मराठी घरी गणपतीचं जेवण होतं. माझी सात वर्षांची मुलगी माझ्यासारखीच डावखुरी. ती डाव्या हाताने वरणभात कालवायला लागली, तसं शेजारच्या पाटावरच्या काकांनी तिचं मनगट धरलं आणि हात ताटाबाहेर काढला. "बाळा, आपण दुसऱ्यांच्या मुलखात राहतो. इथे या हाताने जेवणं म्हणजे त्यांचा अपमान. आत्तापासूनच सवय लावून घे." मुलीने उठून हात धुतला, आणि नंतर मोदकालाही शिवली नाही.

काका प्रेमळ आहेत. अर्धं आयुष्य ओमानमध्ये काढलेले आहेत, आणि पंगतीतल्या बहुतेकांनी त्यांच्या बोलण्यावर मान डोलावली. चुकीची गोष्ट कुणी खेकसून सांगितली तर ती झटकून टाकता येते. मायेने आणि अनुभवाच्या जोरावर सांगितली की ती पुढच्या पिढीच्याही गळ्यात पडते. म्हणून काकांचं म्हणणं मी मुद्देसूद खोडणार आहे. पण परमुलखात जेवायला बसलेल्या डावखुऱ्या माणसाला ताटापुढे काहीतरी एक करावंच लागतं, तेव्हा काय करावं हेही मला सांगितलं पाहिजे.

पहिला मुद्दा सवयीचा. डावखुरेपणा ही लहानपणी लागलेली खोड आहे, वेळीच मोडली की संपली, असं मानणारे घराघरांत आहेत. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पीटर हेपर यांनी गर्भातली बाळं कोणता अंगठा चोखतात ते सोनोग्राफीत पाहून ठेवलं होतं. त्यांतली ७५ मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी झाली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुलं उजव्या हाताची निघाली, डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी निघाली. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे चार लाख लोकांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा हाताच्या या कलाचा संबंध मेंदूच्या घडणीशी जोडलेल्या जनुकीय भागांशी सापडला. जगात शंभरातली साधारण दहा माणसं डावखुरी आहेत. जन्माआधीच ज्याचा कल दिसतो, त्याला खोड म्हणता येत नाही.

यावर काका म्हणतील, "पण तुला येतं की उजव्या हाताने जेवता!" येतं. माझ्या आजीने शिकवलं. घास डाव्या हातात दिसला की ती न बोलता तो उजव्या हातात ठेवायची. मी शिकले, पण आजही उजव्या हाताने जेवताना माझं अर्धं लक्ष हाताकडे असतं. एखादी गोष्ट करता येणं वेगळं आणि ती अंगाची असणं वेगळं. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करतो उजव्या हाताने. कोणत्या कामाला कोणता हात पुढे होईल, हे एकाच शरीरात कामागणिक बदलू शकतं. तो निवाडा त्या शरीराचा असतो, शेजारच्या पाटावरच्या माणसाचा नसतो.

दुसरा मुद्दा स्वच्छतेचा. डावा हात शौचाचा, म्हणून तो अन्नाला लागू नये. पाणी हेच एकमेव साधन होतं तेव्हा दोन हातांची कामं वाटून देण्यात मोठं शहाणपण होतं, ते मी नाकारत नाही. पण त्या शहाणपणाचा गाभा वाटणीत आहे. जो डाव्या हाताने जेवतो तो दुसरं काम उजव्याला देतो; वाटणी तशीच राहते, फक्त बाजू बदलते. शिवाय डावा हात अन्नाला लागतच नाही, हे कोणत्या स्वयंपाकघराबद्दल बोलतो आपण? कणीक दोन्ही हातांनी तिंबली जाते. त्या दिवशीचा एकूणएक मोदक डाव्या तळव्यावरून गेला होता, कारण तळव्यावर पारी धरल्याशिवाय दुसऱ्या हाताला कळ्या पाडता येत नाहीत. जो हात नैवेद्याला चालला, तो एका पोरीने आपल्या ताटात घातला म्हणून कसा विटाळला?

आणि आपल्याच पंगतीत भात पुन्हा वाढून घ्यायचा तर पळी कोणत्या हातात धरतो आपण? डाव्या. कारण उजवा खरकटा असतो आणि खरकटा हात सगळ्यांच्या भांड्याला लागू नये, अशी आपली जुनी, चांगली रीत आहे. खरी मर्यादा ही आहे: माझं उष्टं दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. ती पाळायला उजवं-डावं असण्याची काही गरज नाही. मी डाव्या हाताने जेवते आणि उजव्या हाताने वाढून घेते. मर्यादा तंतोतंत पाळली जाते.

तिसरा मुद्दा असा की सगळ्या सभ्य जगात उजव्याच हाताने जेवतात. इंग्लंडमध्ये टेबलाची रीत काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात धरण्याची. म्हणजे तिथला उजव्या हाताचा माणूस जन्मभर डाव्या हाताने घास तोंडात घालतो, आणि तेच शिष्टाचाराचं लक्षण समजलं जातं. आपली मुलं मोठ्या हॉटेलात तसा काटा धरायला शिकली की आपणही कौतुक करतो. तोच डावा हात काट्याशिवाय ताटात गेला की त्याला फटका मिळतो.

ओमानमधली कॉफीही पाहा. २०१५ साली युनेस्कोने अरबी कॉफीच्या परंपरेची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत ओमान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि कतार यांच्या नावे केली. ही कॉफी देण्याची पद्धत ठरलेली आहे. लांब चोचीची किटली, म्हणजे दल्ला, डाव्या हातात आणि बिनकानाचे छोटे पेले उजव्या हातात. डावा हात ओततो, उजवा हात पाहुण्याला देतो. पाहुण्याने पेला उजव्या हाताने घ्यायचा आणि पुरे झालं की हलकेच हलवून परत द्यायचा. गरम कॉफी नेमकी तेवढीच, पेल्याच्या तळाशी, सांडू न देता ओतण्याचं कसबाचं काम या उजव्या हाताच्या संस्कृतीनेही डाव्याकडे सोपवलं आहे. उजव्याकडे ठेवलं आहे ते देणं आणि घेणं.

चौथा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, आणि काकांचा खरा भर त्याच्यावरच होता: देश तसा वेश. दुसऱ्याच्या मुलखात राहायचं तर त्याची रीत पाळायची. हे मला मान्य आहे. म्हणूनच त्या मुलखाची रीत नेमकी काय आहे, हे नीट पाहायला हवं.

ओमानी घरात सणाला जेवायला बोलावलं की जमिनीवर मोठं ताट मांडतात. त्यात भात आणि मांस असतं, ईदच्या वेळी जमिनीतल्या भट्टीत एकदोन दिवस शिजलेला शुवा असतो. ताटाभोवती सगळे बसतात आणि उजव्या हाताने जेवतात. मुस्लिम श्रद्धेत उजव्या हाताने जेवण्याची शिकवण खुद्द पैगंबरांची मानली जाते, आणि त्याच शिकवणीत आपल्यासमोरचंच खावं, असंही आहे. दुसऱ्याच्या बाजूला हात न घालणं हा तिचाच भाग आहे. आजार किंवा दुखापत असेल तर डाव्या हाताला सूटही आहे. तेव्हा यजमानाची रीत ही श्रद्धेची गोष्ट आहे, तिच्याशी स्वच्छतेचे वाद घालणं हा खरा उद्धटपणा. श्रद्धेपोटी उजव्या हाताने जेवणाऱ्या डावखुऱ्या मुस्लिम माणसाबद्दलही मला काही म्हणायचं नाही. तो त्याचा आणि त्याच्या देवाचा व्यवहार आहे. पण ती श्रद्धा पाळणाऱ्याला बांधते. मस्कतमधल्या मराठी घरात, गणपतीसमोर, आपल्या स्वतंत्र ताटात वरणभात कालवणाऱ्या पोरीला ती कशी बांधेल? त्या पंगतीत एकही ओमानी माणूस नव्हता. काकांनी यजमानाची रीत यजमानांनी न सांगताच आपल्या मुलांवर लादली, आणि आजीची जुनी समजूत तिच्या आडून पुन्हा घरात आली.

आता दुसऱ्या बाजूलाही बोललं पाहिजे. हा प्रसंग मी सांगितला तेव्हा माझी एक तरुण भाची उसळून म्हणाली, "मावशी, हात माझा आहे. कुणाच्याही घरी मी डाव्या हातानेच जेवणार. ज्याला खटकेल त्याने नजर फिरवावी." काकांइतकीच तीही चुकते आहे. तिचा हात तिचा आहे, पण सहा जणांमधलं ताट तिचं नाही. इथिओपियात टेफ या धान्याच्या आंबवलेल्या पिठाच्या पोळीवर, म्हणजे इंजेरावर, कालवणं वाढतात, सगळे एकाच परातीतून उजव्या हाताने तोडून खातात, आणि मायेचा माणूस घास करून दुसऱ्याच्या तोंडात भरवतो. त्याला गुर्शा म्हणतात. तिथे हात खाण्याचं साधन राहत नाही, तो माणसांमधला शब्द होतो. परक्या गावी आपण तिथली भाषा चार शब्द तरी शिकतो, चुकतमाकत बोलतो, तेव्हा आपली मायबोली हरवत नाही. हाताची भाषाही तशीच शिकावी.

मग माझं म्हणणं असं. जे एका हातातून दुसऱ्या हातात जातं आणि जे सगळ्यांचं आहे, तिथे त्या मुलखाची रीत चालावी. सामाईक ताट, कॉफीचा पेला, हलव्याची वाटी, पैसे, भेटवस्तू, आणि आपल्याकडे तीर्थप्रसाद, हे सगळं उजव्या हाताने. जे माझ्या एकटीच्या ताटात आहे, ते माझ्या हाताने. ताट कुणाचं, हे पाहिलं की हात कुणाचा, हे ठरतं.

या नियमाने पाहुण्यावरही काम येतं आणि यजमानावरही. पाहुण्याने आधीच सांगावं, "मी डावखुरी आहे." मी ओमानी मैत्रिणीकडे पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच हे सांगितलं. सामाईक ताटावर मी उजव्या हाताने जेवले, हळू जेवले, भात सांडला. तिच्या आईने काही न बोलता माझ्यासमोर एक वेगळी ताटली आणि चमचा ठेवला आणि हाताने खुणावलं, आता तुझ्या सोयीने जेव. मी तिच्या ताटाचा मान ठेवला होता, तिने माझ्या हाताचा ठेवला. पंगतीत बसताना डावखुऱ्याने डावीकडचं टोक धरावं, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. यजमानाने हवं तर एकदा विचारावं, आणि मग घासागणिक हाताकडे पाहू नये.

कुणी विचारेल, यजमान म्हातारा असला आणि वेगळ्या ताटातलाही डावा हात त्याला खुपला तर? तर त्या संध्याकाळी मी उजव्या हाताने जेवेन, आणि आनंदाने जेवेन. पण तो मी आपखुशीने दिलेला मान असेल. मान देता येतो, वसूल करता येत नाही. सात वर्षांच्या मुलीचं मनगट धरून जे घेतलं जातं ती वसुली आहे.

हाच नियम आपण यजमान असतो तेव्हा आपल्यालाही लागू होतो. पुण्यात शिकायला आलेला परदेशी डावखुरा मुलगा आपल्याकडे जेवायला बसला की आपण कुजबुजतो. आपल्या भाषेनेही त्याच्याविरुद्ध आधीच कौल दिलेला आहे. सरस तो उजवा, आणि ज्याला वगळायचं त्याला आपण डावलतो. प्रसाद उजव्या हाताने घे, एवढं त्याला प्रेमाने सांगावं, आणि पुढचं जेवण त्याच्यावर सोडावं.

माझ्या मुलीला मी आता एवढंच शिकवते. द्यायचा-घ्यायचा हात उजवा, कारण इथल्या माणसांना त्यातून आदर कळतो. जेवायचा हात तुझा. काकांना मी हा लेख वाचून दाखवणार आहे. पुढच्या गणपतीत ती पुन्हा त्यांच्याच शेजारी बसेल, त्यांच्या डावीकडे. मोदक त्यांनी वाढावा, तिने तो उजव्या हाताने घ्यावा आणि मग डाव्या हाताने फोडून खावा.