बोलायची सोय फक्त अ‍ॅडमिनला

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं रांजणगाव भाविकांना महागणपतीमुळे ठाऊक. मराठवाड्या-विदर्भातल्या आयटीआय झालेल्या पोरांसाठी मात्र रांजणगाव म्हणजे एमआयडीसी : एलजी, व्हर्लपूल, फियाट आणि त्यांच्या आसऱ्यानं उभी राहिलेली लहानमोठी युनिटं. तिथल्या कामाची खबर हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. 'हेल्पर पाहिजेत, फिटर-वेल्डर चालेल, राहण्याची सोय, आधार आणि दोन फोटो घेऊन या.' खाली एक मोबाइल नंबर. तो कुणाचा, हे पुढे ढकलणाऱ्यालाही माहीत नसतं.

खबर अशी दूरच्या ओळखीतून यावी, यात गैर काही नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारलं, काम कुणामुळे मिळालं? ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांची 'ती' ओळख अधूनमधून भेटणारी होती, आणि चौथा हिस्सा तर क्वचितच भेटणाऱ्यांचा. कारण सरळ आहे. भावकीतल्या माणसाला जे कळतं, ते आपल्यालाही कळलेलंच असतं. नवी बातमी बाहेरचाच आणतो. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास 2022मध्ये 'सायन्स'मध्ये आला, त्यानंही ढोबळमानानं हेच दाखवलं.

पण खबर मिळणं वेगळं आणि खबर देणाऱ्याची पत कळणं वेगळं. पत ठरायला त्याला ओळखणारी माणसं एकमेकांशी बोलती असावी लागतात. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी 1988च्या लेखात न्यूयॉर्कच्या हिरे बाजाराचा दाखला दिला : लाखमोलाचे खडे तपासायला दुसऱ्याच्या हाती सोपवले जातात, कागद होत नाही. व्यापारी एकाच समाजातले, सोयरिकीतले. एकदा दगा दिला की धंदाच काय, घरच्यांतलं स्थानही जातं.

असा धाक थोडाफार असलेला भरतीवाला आपल्याकडेही होता : मुंबईच्या गिरण्यांत भरती करायचा तो जॉबर. तो दस्तुरी खायचा, माणसं अडवायचा. कामगारविषयक रॉयल कमिशनच्या 1931च्या अहवालानं त्याच्यावर कोरडे ओढले, आणि 1935मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या भरतीवरची त्याची पकड ढिली करायला योजना आणली. त्याचे गोडवे गायचं कारण नाही. तरी जॉबरला गिरणगावातच वावरावं लागे. ज्याला फसवलं त्याचे गाववाले वस्तीत, खानावळीत, नाक्यावर भेटत. तोंड चुकवायला जागा कमी होती.

मोबाइलवरच्या भरतीवाल्याला ती जागा ऐसपैस मिळाली आहे. फॉरवर्डमध्ये मूळ लिहिणाऱ्याचं नाव गळून पडतं. याचं भयंकर रूप महाराष्ट्रानं 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. पोरं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. त्याच सुमारास आणखी एक सोय आली, तिची चर्चा कमी झाली : ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननंच लिहायचं.

'गुड मॉर्निंग'च्या पुराला कंटाळलेल्यांना ती वरदान वाटली. सोसायटीच्या ग्रुपला ती ठीकच आहे. नोकरीच्या ग्रुपवर मात्र तिचा अर्थ बदलतो. शेकडो पोरं एकाच माणसाला जोडलेली, आणि एकमेकांशी कुणीच नाही. ज्यानं आठशे रुपये 'फॉर्म फी' भरली आणि गेटवरून परतला, त्याला आज निघणाऱ्याला ग्रुपवर सावध करता येत नाही. सदस्य वाढतील तसं अ‍ॅडमिनचं वजन वाढतं, आणि ते वजन तपासायची वाट त्याच्याच हाती. ही पत नव्हे, मक्तेदारी आहे.

ग्रुप उघडा ठेवला की शिवीगाळ होते, राजकारण शिरतं, पोलीस अ‍ॅडमिनला धरतात, अशी तक्रार असते. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021मध्येच स्पष्ट केलं की, सामाईक हेतू नसेल तर सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही.

तेव्हा रांजणगाव-शिरूरकडचे नोकरीचे ग्रुप चालवणाऱ्यांनी ते बोलते करावेत. वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे काम केलेल्या दोघा-तिघांना अ‍ॅडमिन करावं. जाहिरातीत कंत्राटदाराचं नाव, हातात पडणारा पगार आणि पीएफ कोण भरणार, हे नसेल तर ती उडवावी. पीएफ खरंच भरला जातो का, हे यूएएन नंबरवरून ईपीएफओच्या पासबुकात दिसतं; जुन्या कामगारांनी ते पाहून ग्रुपवर सांगावं. आणि गावाकडून निघणाऱ्या पोरानं बॅग भरण्याआधी एवढंच करावं : ज्या ग्रुपवर प्रश्न विचारता येत नाही, तिथल्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नये.